सही, तारीख आणि खोडरबर

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज चौकात निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा उभा आहे. बरीच वर्षं त्याचे काटे थांबलेले होते. अलीकडे स्मार्ट सिटीच्या कामात त्याची डागडुजी झाली. मनगटी घड्याळ ही चैन होती तेव्हा अशा मनोऱ्यांना मान होता. माल कधी पोचला, दुकान कधी उघडलं, यावरून दोघांचं वाजलं तर दोघांनी मान वर करून बघायचं. वेळ कुणा एकाच्या खिशातली नव्हती, चौकाची होती. ब्लॉकचेन म्हटलं की ज्यांना बिटकॉइन, सट्टा आणि बुडालेले पैसे एवढंच आठवतं, त्यांनी आधी हे चौकातलं घड्याळ डोळ्यांपुढे आणावं. हजारो संगणकांनी मिळून चालवलेलं सार्वजनिक घड्याळ आणि त्याला जोडलेली नोंदवही, एवढीच ती रचना. नोंद झाली की तिच्यावर वेळेचा शिक्का बसतो, आणि पुढची नोंद मागच्या नोंदीचा ठसा पोटात घेऊन येते. मधलं एक पान बदलायचं तर त्यापुढची सगळी पानं नव्यानं लिहावी लागतात, तीही इतक्या सगळ्या संगणकांच्या डोळ्यांदेखत. ते जवळपास अशक्य आहे.

कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. 1991 मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी संगणकावरच्या कागदपत्रावर कुणालाही मागे-पुढे सरकवता येणार नाही अशी तारीख कशी मारावी, याची रीत मांडली. 1995 पासून त्यांची कंपनी दर आठवड्याच्या सगळ्या नोंदींचा मिळून एक ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. घरोघर गेलेल्या पेपरातला आकडा कोण बदलणार! बिटकॉइनच्या पहिल्या ब्लॉकमध्येही लंडनच्या 'टाइम्स'चा 3 जानेवारी 2009 चा मथळा कोरून ठेवला आहे. त्या तारखेच्या आधी हा ब्लॉक तयार झाला नव्हता, याचा तो पुरावा. म्हणजे या यंत्राची पहिली नाळ पैशापेक्षा लिखित कागदाशी, छापील पानाशी जास्त जुळलेली आहे. लेखकांना त्याचं आकर्षण वाटलं यात नवल नाही.

मराठी लेखकाचं दुःख काय आहे ते कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सातला दिसतं. कुणाचा तरी लेख येतो, खाली नाव नसतं. दुपारपर्यंत त्याला पुलंचं किंवा वपुंचं नाव चिकटतं. संध्याकाळी तोच लेख मूळ लेखकाच्या मावशीकडून त्यालाच येतो, 'वाच, किती छान लिहिलंय' म्हणून. आपलं ते आपलं म्हणून ओळखलं जावं, ही लेखकाची पहिली मागणी, आणि ती आजची नाही. या शहरात अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी गझला लिहीत होते; त्यांच्या आधी वली. गझलेच्या शेवटच्या शेरात कवीनं आपला तखल्लुस गुंफायचा, ही त्या काळची सही. अभंगातल्या 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' या मुद्रांचं कामही तेच. पण मुद्रा कुणीही उमटवू शकतो. तुकोबांच्या नावावर घुसवलेले अभंग वेगळे काढताना अभ्यासकांच्या पिढ्या दमल्या.

ब्लॉकचेनवरची सही नेमकी इथे वेगळी पडते. तुमच्याकडे दोन किल्ल्या असतात, एक गुप्त आणि एक जाहीर. गुप्त किल्लीनं मजकुरावर सही करायची. जाहीर किल्ली वापरून ती सही खरी की खोटी हे जगातला कुणीही तपासू शकतो, मात्र तशी सही तयार करू शकत नाही. सही त्या विशिष्ट मजकुराशी बांधलेली असते. एकाच्या लेखावरची उचलून दुसऱ्याच्या लेखाला चिकटवता येत नाही. तखल्लुसनं जे करायला हवं होतं ते हे गणित करतं.

आता यातली गोम. ही सही एवढंच सांगते की ही किल्ली ज्याच्याकडे होती त्यानं या वेळेला हा मजकूर नोंदवला. तो त्यानंच लिहिला, असं ती सांगत नाही, सांगूही शकत नाही. ग्रुपवर आलेला निनावी लेख उचलून चोरानं आधी नोंदवला, तर खरा लेखक मागे आणि चोर पुढे, तोही शिक्क्यासकट. सरकारी दाखल्याचं वेगळं. गडचिरोलीतल्या एटापल्ली उपविभागात 2022 मध्ये जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. तिथे हा उपाय शोभतो, कारण प्रमाणपत्र देणारा अधिकारी ठरलेला आहे आणि प्रश्न फक्त कागद बनावट आहे का, एवढाच आहे. कवितेला उपविभागीय अधिकारी नसतो.

मजकुराचा ठसा म्हणजे काय, हे मराठी लिहिणाऱ्यानं जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे आपली लिपी आपल्याला चकवते. एसएचए-256 नावाच्या गणिती कृतीत लेख घातला की बाहेर 64 अंक-अक्षरांची एक माळ पडते. लेख दोन ओळींचा असो की कादंबरी असो, माळ 64 चीच. त्याच लेखातली एक 'कि' ऱ्हस्वाची दीर्घ केली की माळ ओळखू न येण्याइतकी बदलते. शुद्धलेखनाच्या बाबतीत इतका कडक मास्तर महाराष्ट्रात झाला नाही. पण हा मास्तर अक्षरं बघत नाही, अक्षरांमागचे आकडे बघतो. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र घ्या. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी टंकता येतो: एका कळफलकावर 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि हलन्त, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही 'दुसऱ्या' सारखेच दिसतात. ठसे मात्र साफ वेगळे. तुम्ही घरच्या संगणकावर टंकलेला लेख मोबाइलवर पुन्हा टंकून 'हाच तो लेख' असं सिद्ध करायला गेलात तर यंत्र म्हणेल, नाही, हा तो नाही. म्हणून ज्या फाइलचा ठसा घेतला ती फाइल जशीच्या तशी जपावी लागते. नुसता मजकूर जपून भागत नाही.

लिपीचा दुसरा फटका खिशाला बसतो. इंग्रजीचं अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी चिन्हं वेगळी मोजून. इथेरियम या ब्लॉकचेनवर कायमच्या साठवणीचा एक कप्पा 32 बाइटचा असतो. त्यात 'महाराष्ट्र' हा शब्द 30 बाइटचा असल्यानं जेमतेम बसतो. 'औरंगाबाद' 24 बाइटमध्ये आरामात बसायचं. 'छत्रपती संभाजीनगर'ला 49 बाइट, म्हणजे दोन कप्पे लागतात. असा एक कप्पा लिहायला सुमारे 20,000 'गॅस' पडतो. गॅस हे तिथल्या खर्चाचं माप. 2,000 शब्दांचा मराठी लेख सुमारे 30,000 बाइटचा होतो. तो सगळा या कप्प्यांत ठेवायचा म्हटलं तर दोन कोटींच्या आसपास गॅस, आणि कित्येक वर्षं इथेरियमच्या एका अख्ख्या ब्लॉकची मर्यादाच तीन कोटी होती. जगभरातले व्यवहार ज्या गाडीतून जातात तिची निम्म्याहून अधिक आसनं एका ललित लेखानं अडवायची! त्यामुळे ब्लॉकचेनवर लिहायची सोय म्हणून जे काही पुढे आलं, त्यात बहुधा लेख दुसरीकडे असतो आणि साखळीवर फक्त त्याचा ठसा किंवा पत्ता असतो. स्टीम, हाइव्ह यांसारख्या मजकुरासाठीच बांधलेल्या साखळ्या हा अपवाद. आरवीव्ह ही 2018 पासूनची साठवण आणखी वेगळी: एकदाच पैसे भरा, त्यातून उभ्या राहिलेल्या निधीवर मजकूर पिढ्यान्‌पिढ्या राहील, असं तिचं गणित आहे. निधी पुरेल की नाही ते काळ ठरवेल.

मजकूर टिकणं ही लेखकाची दुसरी मागणी, आणि ती मागणी कुठे जीवनमरणाची होते ते चीनमध्ये दिसलं. एप्रिल 2018 मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचं खुलं पत्र सगळीकडून पुसलं जाऊ लागलं, तेव्हा कुणीतरी ते इथेरियमच्या एका व्यवहाराच्या टिपणात घालून ठेवलं. ते आजही तिथे आहे. जून 2021 मध्ये हाँगकाँगचं 'अ‍ॅपल डेली' बंद पडलं, तेव्हा त्यातले लेख आरवीव्हवर चढवण्यासाठी लोकांनी रात्री जागवल्या. आपल्याकडच्या मराठी लेखनाचा शत्रू मात्र बहुतेक वेळा सरकार नसतो. तो असतो फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधीचं श्रीलिपी आणि तत्सम फॉन्टांत टंकलेलं किती तरी लेखन आज उघडलं की ओळींच्या ओळी अगम्य चिन्हांच्या दिसतात. डीटीपीवाल्यांकडच्या जुन्या सीडी बघा. त्यातली एखादी फाइल ब्लॉकचेनवर ठेवली असती तर ती अगम्य चिन्हंच अजरामर झाली असती. 1996 पासून चाललेलं 'मायबोली' साध्या सर्व्हरवर टिकलं, कारण ते चालवणारी माणसं टिकली.

पैशाचं बोलू. मोठी स्वप्नं इथेच विकली गेली. 2016 मध्ये स्टीम साखळीवर स्टीमिट सुरू झालं. लिहा, लोकांनी तुमच्या लेखाला मत दिलं की नव्यानं तयार होणाऱ्या नाण्यांतला वाटा तुम्हाला, असा तो सरळ दिसणारा सौदा. मधला प्रकाशक नाही, जाहिरात नाही. पण मत सर्वांचं सारखं नव्हतं. ज्याच्याकडे नाणी जास्त त्याच्या मताचं वजन जास्त. मग मतं विकणारे आले, मतं देणारी यंत्रं आली, आणि लिहिण्याआधी बड्या नाणेधारकांची मर्जी सांभाळणं ओघानं आलं. सरंजामदारी गेली असं ज्यांना वाटत होतं त्यांना ती मागच्या दारानं आत आलेली दिसली. त्यातही कमाईचा हिशेब लेख टाकल्यापासून सात दिवसांत बंद. आपल्याकडे दिवाळी अंकातला लेख संक्रांतीपर्यंत वाचला जातो, चांगला असेल तर चाळीस वर्षांनीही कुणी झेरॉक्स मागतो. सात दिवसांत जे वाजेल तेच लिहायचं, हा नियम वर्तमानपत्रालाही लाजवणारा आहे. स्टीमचं नाणं जानेवारी 2018 मध्ये आठ डॉलरच्या वर गेलं आणि वर्ष संपताना अर्ध्या डॉलरच्याही खाली होतं. त्याच नोव्हेंबरात कंपनीनं 70 टक्के माणसं कमी केली. ज्यांनी मानधन नाण्यांत साठवलं, त्यांच्या लेखांची किंमत अशी उतरली. भारतात या नाण्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून सरसकट 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजाही करता येत नाही. वेळेवर आलेला दोन हजारांचा चेक याच्यापुढे फार सभ्य वाटतो.

पुढची गोष्ट मालकीची. 'इथे मालक नाही' ही ब्लॉकचेनवाल्यांची घोषणा. फेब्रुवारी 2020 मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. साखळी स्वतंत्र आहे, कंपनी विकली तर काय बिघडलं, असं म्हणणाऱ्यांना 2 मार्चला उत्तर मिळालं. बायनान्स, हुओबी, पोलोनिएक्स या नाण्यांच्या बाजारांकडे ग्राहकांची जी नाणी ठेव म्हणून होती, त्यांचीच मतं वापरून साखळी चालवणारे निवडून आलेले लोक हटवले गेले. ज्यांची नाणी त्यांना पत्ताही नाही. चिडलेल्या समुदायानं 20 मार्चला सगळ्या नोंदींची नक्कल घेऊन 'हाइव्ह' नावाची वेगळी साखळी काढली. हे बंड मला मनापासून आवडतं. छापखान्याच्या मालकाशी बिनसल्यावर अख्खा अंक, जुने गठ्ठे आणि वर्गणीदारांची यादी घेऊन बाहेर पडणं कुठल्या संपादकाला जमलं असतं? मात्र त्या दिवशी हजारो लेखकांचं लेखन त्यांना न विचारता दोन ठिकाणी झालं. एकाला कंटाळून कुणाला आपलं लिहिलेलं काढून घ्यायचं असतं, तर ते एकीकडूनही निघालं नसतं, मग दोन्हीकडून कुठलं.

आणि माझ्या मते लेखकाची खरी अडचण इथेच आहे. ब्लॉकचेनवाले 'कायम' हा शब्द वरदानासारखा उच्चारतात. ज्यानं पंचविसाव्या वर्षी घरच्यांबद्दल रागाच्या भरात लिहिलं आणि पन्नाशीत ते वाचलं, त्याला विचारा. मराठी आत्मकथनांमुळे घराघरांत काय काय झालं ते आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या आवृत्तीत नावं बदलली गेली, प्रसंग गाळले गेले, आणि त्यात गैर काही नव्हतं. लेखकाला सही जितकी हवी तितकंच खोडरबर हवं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं आपल्याबद्दलची माहिती पुसायला लावण्याचा हक्क दिला आहे. जिथे पुसणाराच कुणी नाही तिथे तो कुणाकडे मागणार? फार तर दर्शनी वेबसाइट मजकूर लपवते. साखळीच्या पोटात तो राहतोच. तुमचा सुधारलेला लेख नवी नोंद म्हणून जातो, जुना चुकीचाही शेजारी बसून राहतो.

दोन्हींतला खरा कुठला, हे सांगायला माणूस लागतो. शहागंजपासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर नकलाकारांच्या हातून तिच्यात पाठभेद आणि भर पडत गेली होती. नाथांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, पाठ ठरवला आणि यापुढे हिच्यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. पाठ ठरवण्यासाठी त्यांची योग्यता आणि लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास लागला. ब्लॉकचेन सगळ्या प्रती ठेवेल, तारखा लावेल, पण नाथांचं काम तिच्याकडून होणार नाही.

वाचकाचं आणि संपादकाचंही तसंच. याच शहरात 1960 च्या दशकात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' उभं राहिलं. पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांत ज्यांना जागा नव्हती, ज्यांची भाषा तिथे 'अशुद्ध' ठरली असती, अशा दलित तरुणांनी या त्रैमासिकात लिहिलं. तिथे पैसा मिळेल म्हणून कुणी गेलं नाही. आपलं लेखन गांभीर्यानं वाचणारा एक माणूस आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा वाचकवर्ग, हे तिथे मिळत होतं. अस्मितादर्शच्या मेळाव्यांत लेखक आणि वाचक समोरासमोर बसत. 2018 मध्ये पानतावणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि मार्चमध्ये ते गेले. तोवर दोन पिढ्यांचे लेखक त्यांच्या अंकातून घडले होते. 'मधला माणूस नको' ही ब्लॉकचेनवाल्यांची हाक ऐकली की मला हा मधला माणूस आठवतो. मधल्या माणसांत कमिशन खाणारे असतात तसे लेखक घडवणारेही असतात, आणि दोघांना एकाच झटक्यात काढून टाकणारं यंत्र लेखकाचं भलं करतं असं मला वाटत नाही. मिरर नावाची लेखनाची सुंदर सोय 2020 मध्ये याच तंत्रावर निघाली; 2024 मध्ये ती पॅराग्राफ या दुसऱ्या कंपनीकडे गेली. लेख आरवीव्हवर सुखरूप राहिले. लेखकाचा आणि वाचकाचा रोजचा संबंध मात्र पुन्हा नव्या मालकाच्या दारात गेला.

लेखकाचे निम्मे प्रश्न सोडवणारं एक साधन आपल्याकडे 1957 पासून आहे आणि ते फारसं कुणी उघडून बघत नाही: कॉपीराइट कायदा. लेख कागदावर उतरला की हक्क आपोआप लेखकाचा. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तो वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही ठरलं नसल्यास, तो परत येतो. कलम 57 मुळे हक्क विकल्यावरही लेखनाची मोडतोड करून बदनामी करणाऱ्याला लेखक अडवू शकतो. तोंडी शब्दावर पुस्तकं देणाऱ्या आपल्या लेखकांना यातलं एक कलम जरी पाठ असतं तरी बरंच काही वाचलं असतं.

मग ब्लॉकचेनचं करायचं काय? माझा निवाडा असा: लेख तिथे ठेवू नका, फक्त तारीख मारून घ्या. ओपनटाइमस्टॅम्प्स नावाची विनामूल्य सोय फाइलचा ठसा बिटकॉइनच्या साखळीवर नोंदवून देते. तुमचा मजकूर तुमच्याकडेच राहतो, त्यामुळे खोडरबरही तुमच्याच हातात. व्हॉट्सअ‍ॅपवर सोडायच्या आधी हे केलं तर पुढच्या वादात तुमच्याकडे तारखेचा पुरावा असेल. ती फाइल हात न लावता दोन ठिकाणी जपा, शक्य तर युनिकोडमध्ये, आणि लेखाची एक छापील प्रतही ठेवा. प्रकाशक असो की अ‍ॅप, करार लेखी घ्या आणि मुदत वाचल्याशिवाय सही करू नका. गुप्त किल्ली कधी बनवलीच, तर ती परत मिळवण्यासाठी जे बारा किंवा चोवीस शब्द मिळतात ते कागदावर लिहून ठेवा. त्या शब्दांची यादी इंग्रजी, स्पॅनिश, जपानी, अगदी चेक भाषेतही आहे, मराठीत नाही. म्हणून घरातल्या ज्या माणसाला कागद कुठे आहे ते सांगाल, त्याला ते इंग्रजी शब्द नीट वाचून दाखवा.